बाग आखावी कोणी?



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले, तेव्हा आम्ही मजुरी, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी एखाद्या विषयावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो 'सार्वजनिक बाग'. त्यावर चिटणीस साहेबांनी विचारले, "तुमचा आणि बागेचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही शाळेत गेलो ते सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तीस वर्षे राईस मिलच्या हमालांत आणि विडी वळणाऱ्या बायांत आम्ही काम केले. फुलझाडांची नावेही आम्हांस धड सांगता येणार नाहीत. तरीही हाच विषय घेतला, आणि तो का घेतला हे सांगण्यातच आजचे व्याख्यान संपेल.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शहाण्या माणसांनी शहाण्या विषयांवर बोलावे आणि इतरांनी ते ऐकावे, एवढाच तिचा हेतू नव्हता. ऐकणाऱ्याने घरी जाऊन विचार करावा आणि पुढच्या वेळी प्रश्न विचारावा, हा हेतू होता. आजचे आमचे म्हणणे याच जातीचे आहे. नगरातली बाग ही पाहण्याची वस्तू आहे, की तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे?

आधी आमच्या चिटणिसांचे देणे फेडू. कामगाराचा आणि बागेचा संबंध १८९० सालचा आहे. त्या वर्षी २४ एप्रिलला मुंबईत महालक्ष्मीच्या मोकळ्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. सभा नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरवली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मागणी साधी होती : आठवड्यातून एक दिवस सुट्टी. १० जूनला गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि रविवार कामगाराचा झाला. पण रविवार मिळाला म्हणजे तो घालवायला जागा मिळाली असे होत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर सुट्टीच्या दिवशी त्यांनी जावे कोठे? लोखंड्यांनी कामगाराला वेळ मिळवून दिला, जागा मिळवायची अजून राहिली आहे. म्हणून बाग हा आमच्या मते कामगार चळवळीचाच विषय आहे, आणि तो आम्ही फार उशिरा हाती घेतला.

उशीर कसा झाला तेही सांगतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावची गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण नाव घेऊन काही साधत नाही, आणि असे गाव एकच आहे असेही नाही. तेथे मिलच्या रस्त्याला लागून एक नवी बाग झाली. कुंपणाची भिंत, लोखंडी फाटक, आत चालण्याची वाट, मध्ये कारंजे आणि भिंतीकडेला जुनी चार कडुनिंबाची झाडे. फाटकावर पाटी लागली : 'सकाळी ५ ते ९, सायंकाळी ५ ते ९'.

आता मेहेरबानांनो, आमच्याकडचा मे महिना आपणांस ठाऊक आहे. पारा ४५ अंशांकडे जातो. धानाची पोती वाहणारा हमाल पहाटे कामाला लागतो, दुपारी एकदीड वाजता त्याला तास-दीड तास मोकळा मिळतो आणि पुन्हा गाडी भरायची असते. त्याला सावली हवी ती दुपारी. पाचाला तो पोत्याखाली असतो आणि नऊला अंथरुणावर. मग दुपारी तो बसे कोठे, तर बागेच्या भिंतीच्या बाहेर, जी हातभर सावली पडे तिच्यात. आत चार झाडांची गर्द सावली रिकामी, आणि बाहेर वीसपंचवीस माणसे भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली. अशाच एका दुपारी आमच्यातला एक वडीलधारा हमाल तेथेच कलंडला. ऊन लागले होते. दवाखान्यात नेला, वाचला, पण त्यानंतर त्याने पाठीवर पोते घेतले नाही. घरात कमावता तोच होता.

आम्ही मोर्चा नेला. मोर्चा न्यायची आम्हांस सवय आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी शांतपणे एक फाईल काढली. बाग आखण्यापूर्वी नागरिकांचे मत घेतले होते. एका बुधवारी दुपारी तीन वाजता कार्यालयात सभा झाली होती आणि रजिस्टरवर एकोणीस सह्या होत्या. त्या एकोणीस जणांना आम्ही ओळखत होतो. सारे सज्जन : निवृत्त मास्तर, दुकानदार, एक डॉक्टर. सकाळी फिरायला जागा असावी, पोरांना घसरगुंडी असावी, दुपारी रिकामटेकडी माणसे बसू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात दुष्टपणा नव्हता. बुधवारी दुपारी तीनला ज्यांना सवड होती, त्यांनी आपली गरज सांगितली. ज्यांना सवड नव्हती, ते रिकामटेकडे ठरले.

आम्ही म्हणालो, "आम्हांला का विचारले नाही?" अधिकाऱ्यांनी फाईलचे आणखी एक पान उलटले. आमच्या युनियनला पत्र गेले होते. आमच्या कार्यालयाचा पोचशिक्का त्यावर होता. परत येऊन आम्ही आपले कपाट उघडले तर पत्र सापडले, आणि त्याच्या कोपऱ्यात आमच्याच अक्षरात लिहिले होते : 'आपला विषय नाही. फाईल.'

ज्या माणसाला ऊन लागले, त्याच्या घरी त्या संध्याकाळी आम्ही गेलो. पत्राची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा ठेवला. तो चहा आम्हांस आजवर पचलेला नाही. कामगाराचा विषय कोणता आणि कोणता नाही, हे आम्ही कपाटाजवळ उभे राहून ठरवत आलो होतो, आणि आम्हीही त्याला विचारले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही बागांविषयी मिळेल ते वाचू लागलो. ते थोडक्यात सांगतो.

बाग ही मुळात राजाची. नागपूरच्या महाराजबागेचे नावच पहा. सामान्य माणसासाठी बाग ही कल्पना नवी, आणि तीही कारखान्यांच्या धुरातून निघालेली. १८४० साली इंग्लंडात डर्बी शहरी जोसेफ स्ट्रट नावाच्या गिरणीमालकाने नगराला एक बाग दान दिली. कामगारांस ती आठवड्यातून दोन दिवस फुकट होती, त्यात एक रविवार होता, आणि इतर दिवशी पैसे पडत. दान मोठे, पण वेळ दात्याने ठरवलेली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. त्या काळात प्रेस्टनसारख्या गावांत उपाशी विणकरांना काम म्हणून बागा खणायला लावले. त्याच सुमारास कापसाचा भाव वाढल्याने आपल्या वऱ्हाडात पैसा खेळत होता. तिकडे कामगार बाग खणत होता, पण आखणी करणारे दुसरेच होते. न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क जगात नावाजली आहे. तिच्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांश काळ्या लोकांची, स्वतःची घरे आणि चर्चे असलेली. १८५७ साली ती सुमारे सव्वादोनशे माणसे उठवली गेली आणि मग सर्वांसाठी बाग झाली. 'सर्वांसाठी' या शब्दाकडे तेव्हापासून आम्ही जरा निरखून पाहतो.

आता घराजवळ या. मुंबईच्या गिरणगावात जे झाले, त्याहून मोठा धडा आम्हांस माहीत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा विरला ते सांगत बसत नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन उघडी पडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याचा ढोबळ अर्थ असा, की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश भाग नगराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेला मालकासाठी. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनी एकत्र धरून त्यांत बागा, रस्ते आणि घरे कशी बसवावीत हेही सुचवले. अहवाल बाजूला पडला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. तृतीयांश हा शब्द तसाच राहिला, पण तो आता साऱ्या जमिनीचा नव्हे, तर गिरणीच्या आवारात जी रिकामी जमीन असेल तिचा तृतीयांश ठरला. जेथे इमारती उभ्या होत्या, तेथली जमीन हिशेबातून गेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम केली.

बंधूंनो, आम्ही करारांच्या मसुद्यांवर रात्री जागवल्या आहेत. एका शब्दाने माणसाची भाकरी जाते हे आम्ही जाणतो. पण एका शब्दाने एका महानगराचा श्वास कसा जातो, हे आम्हांस गिरणगावाने शिकवले. दुरुस्ती झाली त्या दिवशी त्या मसुद्याजवळ गिरणगावची किती माणसे बसली होती? तक्रार करायला नंतर पुष्कळ आली. आधी कोणी बोलावले नाही, आणि आपणही विचारायला गेलो नाही.

उलट बाजूचाही दाखला आहे. बंगलोरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा एका ट्रस्टला शुश्रूषागृहासाठी दिली गेली होती. शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले. समोरच्यांनी विचारले, या रहिवाशांचा संबंध काय? त्याच १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संबंध आहे. बागेची जागा ही तेथे राहणाऱ्यांच्या हिताची गोष्ट आहे, ती अशी देता येणार नाही. आमच्या चिटणीस साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे आधीच देऊन ठेवले आहे. मुंबईतही २०१५ साली विकास आराखड्याचा मसुदा बाहेर आला, तेव्हा हजारो लोकांनी हरकती घेतल्या आणि राज्य सरकारला तो नव्याने करण्यास सांगावे लागले. म्हणजे नकाशा ही काही ब्रह्मलिखित वस्तू नव्हे.

नकाशाविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण खरी बाग फाटकापाशी नव्हे, नकाशात जन्मते. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्याखाली प्रत्येक नगराचा विकास आराखडा होतो. त्यात हिरव्या रंगाचे तुकडे असतात : बाग, मैदान, क्रीडांगण. हे झाले आरक्षण. मसुदा प्रसिद्ध होतो, नकाशा कार्यालयात लावला जातो आणि ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना देता येते. पण आरक्षण म्हणजे बाग नव्हे. त्याच कायद्याचे १२७ वे कलम असे आहे, की आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर पुढच्या चोवीस महिन्यांतही पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. व्यपगत हा शब्द भारी आहे. मराठीत सांगायचे तर बाग उडून जाते. कोणी तोडावी लागत नाही, कोणी चोरावी लागत नाही. नुसते गप्प बसले तरी पुरते.

आणि गप्प बसू नये तर बोलावे कोठे? ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. परंतु प्रभाग समिती तिने सक्तीची केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरांत. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची वस्ती होती १,३२,८१३. म्हणजे घटनेची ती सक्ती आपल्या शहराला लागत नाही, मग तिरोडा, आमगाव, देवरी यांचे तर बोलायलाच नको.

आता याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवा. आपल्याच जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे जंगलाची गावे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनावर हक्क दिला : तेंदूपान तोडायचे, विकायचे, जंगल राखायचे, त्याचे नियोजन करायचे. त्या गावातली बाई ग्रामसभेत हात वर करून सांगू शकते की अमुक कूप यंदा बंद ठेवा. तीच बाई लग्न होऊन शहरातल्या वस्तीत येते आणि त्याच तेंदूपानाच्या विड्या वळू लागते. आता तिच्या गल्लीच्या टोकाला अर्ध्या एकराची बाग होणार असेल, तर तिला कोणी विचारत नाही. शेकडो हेक्टर जंगलाचा विचार करायला जी शहाणी होती, ती अर्ध्या एकरासाठी अडाणी कशी झाली? कायदा तिला जंगलात ओळखतो आणि शहरात ओळखत नाही. यात दोष बाईचा नाही.

आमच्या जिल्ह्याला तर ही गोष्ट नवी वाटायला नको. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून गोंदिया वेगळा झाला, पण तलाव दोघांचेही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव नि बोड्या. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलाच्या नावाने आजही सांगितला जातो. पाळ कोठे घालायची, पाणी कोणत्या शेताला आधी जायचे, गाळ केव्हा काढायचा, हे गावाला ठाऊक होते. मालगुजारीत सारे न्यायाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. बेगारीच्या घामाचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मालगुजाराबरोबर गावाचाही हात पाळीवरून निघाला. पुढे कित्येक तलाव गाळाने भरले. अन्याय गेला ते चांगले झाले, पण त्याबरोबर जबाबदारीही गेली. ज्या गोष्टीत माणसाचे मत नाही, तिच्यातला गाळ तो काढत नाही. उलट १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, त्यामागे त्याच गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारखा माणूस होता. मारुती चितमपल्ली यांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. जंगलाची जाण त्यांस नकाशावरून आली नव्हती, पायांतून आली होती.

तर मग करावे कसे? ही विद्या आम्हां कामगारांना येते. मागणीपत्रक कसे तयार होते? सभा पाळी सुटल्यावर भरते, साहेबाच्या सोयीने नव्हे. खात्याखात्यात जाऊन विचारावे लागते. मागण्या लिहायच्या, पुन्हा वाचून दाखवायच्या, भांडणे आपसात मिटवायची, मग वाटाघाट, मग लेखी करार, आणि सर्वांत अवघड म्हणजे कराराची अंमलबजावणी. बाग आखण्याची रीत याहून वेगळी असण्याचे कारण नाही.

हे आम्ही एकदा करून पाहिले. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वस्तीत, बोडीच्या काठी, बागेची जागा निघाली. या वेळी पत्र कपाटात गेले नाही. सभा घेतल्या तीन : एक रात्री आठला, हमाल आणि रिक्षावाल्यांसाठी, एक रविवारी सकाळी, आणि एक दुपारी, विडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर, त्यांचे सूप त्यांच्या मांडीवर असताना. हात चालू राहिले पाहिजेत, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते, सभेवर नाही. बोलणे हिंदीत झाले, पोवारीत झाले, छत्तीसगढीत झाले आणि मराठीतही झाले. नोटीस एकाच भाषेत लावून लोक येत नाहीत म्हणणे, हे आमच्या गावी चालणार नाही.

जाण्यापूर्वी आम्ही मनाशी एक यादी केली होती : बायका पोरांसाठी पाळणे मागतील. त्यांनी पाळण्याचे नावही प्रथम काढले नाही. पहिली मागणी आली ती संडासाची, आतून कडी लागणाऱ्या आणि दिवा असलेल्या. दुसरी मागणी, झाडाखाली एक सपाट ओटा. "खोलीत तंबाखूची धूळ उडते, लेकरू शेजारी निजलेले असते. दुपारी ओट्यावर बसून वळू." आमची यादी आम्ही खिशातच ठेवली. दुसऱ्यांदा चुकणे परवडण्यासारखे नव्हते.

नकाशात खेळण्याची जागा उत्तरेच्या कोपऱ्यात दाखवली होती. एका म्हातारीने विचारले, "श्रावणात तेथे कमरेइतके पाणी असते, पोरे काय पोहायला जाणार?" आखणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी जागा पाहिली होती ती एप्रिलात. त्यांनी मोकळ्या मनाने ते मान्य केले आणि कोपरा बदलला. ढिवर म्हणाले, पाण्याच्या बाजूला भिंत नको, आमची जाळी कोठून उतरणार, आणि भुजल्या, जवारे शिरवायचे कोठे? हिरवळ ठेवायची असे ठरत होते, तेव्हा लोकांनी विचारले की मेमध्ये बोडीच आटते, तर हिरवळीला पाणी कोण पाजणार? त्याऐवजी कडुनिंब, करंज आणि एक वड लावावा असे ठरले.

भांडणे झाली नाहीत असे समजू नका. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ओट्याला कसून विरोध केला. बागेत विडीचा कारखाना नको, पोरांवर काय संस्कार होणार, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. एका बाईने शांतपणे विचारले, "मास्तरजी, घरात लेकराच्या उशाशी वळतो, तेव्हा कोणता संस्कार होतो?" अखेर ओटा दूरच्या टोकाला आणि अकरा ते चार या वेळेत, असा तोडगा त्याच गृहस्थांनी सुचवला. क्रिकेटवाल्या पोरांना सकाळची वेळ आणि रबरी चेंडू. वेळा अशा वाटून घेतल्या की तीच जमीन दिवसातून चार वेळा चौघांची झाली. एक कागद झाला, त्यावर सह्या झाल्या आणि अंगठे उमटले.

फळ किती मिळाले, तेही खरे सांगतो. सात मागण्यांपैकी चार मान्य झाल्या. फाटक दुपारी उघडे राहिले. ओटा झाला. पाण्याची बाजू मोकळी राहिली. संडासही झाला, पण त्याला बाहेरून कुलूप लागले आणि किल्ली ठेकेदाराकडे गेली. ते कुलूप निघायला आठ महिने आणि अकरा अर्ज लागले. दिवे अजून अर्धेच आहेत. वड मात्र लागला. त्याला पाणी घालण्याची पाळी वस्तीने वाटून घेतली आहे, आणि ती चुकली तर बाया एकमेकींना बोलतात. कोणी तसा आदेश काढलेला नाही. झाड कोठे लावायचे ते त्यांनी सांगितले होते, म्हणून ते त्यांचे आहे.

आमच्यावर तीन आक्षेप येतात. पहिला : लोकांना बागेतले काय कळते? उत्तर म्हातारीने दिले. झाडाची जात, पायाची खोली, विजेची तार, यांचे ज्ञान तज्ज्ञाला आहे, आणि ते लागतेच. पण पाणी कोठे तुंबते, ऊन कोठून येते, अंधारात कोणता कोपरा टाळावा लागतो, याचे ज्ञान तेथे राहणाऱ्याला आहे. दोघांनी मिळून आखावे. दुसरा : लोक भांडतात, वेळ जातो. भांडतात खरे. पण आधी भांडून घेतलेले स्वस्त पडते. नंतरचे भांडण भिंत पाडून करावे लागते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : विचारायला गेले की तेच चार पुढारी बोलतात. हे खरे आहे, आणि यात आम्हीही येतो. ज्या पुढाऱ्याने 'आपला विषय नाही' असे लिहिले, तो आपल्यासमोर उभा आहे. यावर उपाय एकच : पुढाऱ्याला विचारून थांबू नये, ओसरीपर्यंत जावे, आणि पुढाऱ्याने आपली यादी खिशात ठेवावी.

पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचनांसाठी जागा ठेवली. तो पायंडा लहान नगरपालिकांनीही घेता येईल. कायद्याची सक्ती नाही म्हणजे मनाई आहे असे नव्हे. आमची मागणी मोठी नाही. बागेचा नकाशा कार्यालयात लावता, तसा त्याच जागेवर, चार भाषांत, माणसाला वाचता येईल एवढा लावा. सभा एक दिवसा घ्या आणि एक रात्री. कोण आले याबरोबर कोण आले नाही हेही लिहून ठेवा. जे सुचवले आणि नाकारले, त्याचे कारण लेखी द्या. आणि फाटकावरची वेळ ठरवण्यापूर्वी, त्या रस्त्याने दुपारी एकदा चालून पहा.

आपल्यालाही आमचे एक सांगणे आहे. व्याख्यान संपल्यावर घरी जाल, तेव्हा आपल्या प्रभागाच्या आराखड्यात हिरवा तुकडा कोठे आहे, त्याला किती वर्षे झाली, एवढे विचारून ठेवा. दहा वर्षे लवकर सरतात.

त्या पहिल्या बागेचे काय झाले, असे कोणी विचारील. मोर्चे झाले, निवेदने झाली, अखेर दोन उन्हाळ्यांनंतर पाटी बदलली. आता दुपारीही फाटक उघडे असते. आमचा तो हमालभाऊ कधीमधी तेथे येऊन बसतो, निंबाखाली, आतल्या बाजूला. आम्ही शेजारी जाऊन बसतो. पत्राचा विषय तो काढत नाही, आणि आम्हीही काढत नाही. मात्र टपाल आले की आता पहिल्यांदा ते त्याच्यासारख्या चार जणांना वाचून दाखवतो, आणि मग विचारतो, "हा आपला विषय आहे काय?"